पासष्ट मिलिमीटरचा प्रश्न: प्राध्यापकांना डेटा ‘वाचायला’ कोण शिकवणार?

पावसाळ्यात परभणीकरांच्या व्हॉट्सॲपवर सकाळी सकाळी एक यादी येऊन पडते. कुठल्या महसूल मंडळात काल किती मिलिमीटर पाऊस झाला, त्याची. जिल्ह्यात नऊ तालुके आणि बावन्न मंडळं आहेत, त्यामुळे यादी तशी लांबलचक असते. पण लोकांची नजर एकाच गोष्टीवर असते: आपल्या मंडळाचा आकडा ६५ च्या वर गेला का?

कारण सरकारी हिशेबात २४ तासांत ६५ मिमी किंवा त्याहून जास्त पाऊस म्हणजे ‘अतिवृष्टी’. हा शब्द एकदा लागला की पुढची चक्रं फिरायला लागतात: पाहणी, पंचनामा, मदतीचा प्रस्ताव. आकडा ६१ असेल तर तेच प्रकरण रेंगाळतं. आता मंडळातली गावं अनेक आणि अधिकृत नोंद बहुतेक एकाच केंद्राची. तुमच्या शिवारातून ओढा वाहून गेला आणि केंद्र असलेल्या गावात नुसती रिमझिम झाली, तर कागदावर रिमझिमच उरते.

हे यंत्र काय मोजतं, कुठे मोजतं आणि ६५ हाच आकडा का, हे प्रश्न शेतकरी विचारतातच. ते वर्गात विचारायला शिकवणारी व्यवस्था मात्र आपल्याकडे जवळपास नाही. आजचा लेख त्याबद्दल आहे.

आधी समजून घेऊ: डेटा साक्षरतेचे दोन मजले

पहिला मजला सगळ्यांना माहीत आहे. एक्सेलमध्ये तक्ता करणं, सरासरी काढणं, आलेख बनवणं, थोडं पायथन किंवा आर. याला आपण डेटा ‘चालवता येणं’ म्हणू.

दुसरा मजला म्हणजे डेटा ‘वाचता येणं’. हा आकडा कोणी, कशासाठी गोळा केला? मोजताना काय सुटलं? व्याख्या कोणी ठरवली? या आकड्यावर निर्णय झाला तर फायदा कोणाचा, तोटा कोणाचा? याला चिकित्सक डेटा साक्षरता म्हणतात. आकड्यावर अविश्वास दाखवणं इतकाच तिचा अर्थ नाही. आकडा किती भार पेलू शकतो, हे तपासून मगच त्यावर वजन टाकणं म्हणजे ही साक्षरता.

जगभरात विद्यापीठीय शिक्षकांना हा दुसरा मजला शिकवण्यासाठी खुल्या शिक्षणाचा वापर होतो आहे. हाविएरा अतेनास आणि लिओ हेवमन यांनी २०१५ मध्येच खुल्या डेटाकडे खुलं शैक्षणिक साहित्य म्हणून पाहणाऱ्या वर्गातल्या प्रयोगांचं संकलन केलं होतं. कल्पना सरळ आहे. पाठ्यपुस्तकातला खोटा तक्ता देण्यापेक्षा विद्यार्थ्यांना आपल्याच गावाचा खरा डेटा द्या, आणि त्यातल्या खाचाखोचांसकट द्या.

परभणीच का?

कारण इथे विद्यापीठही आहे आणि आकड्यांवर पोट असलेला शेतकरीही. १९७२ मध्ये स्थापन झालेलं आणि २०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ म्हणून ओळखलं जाणारं विद्यापीठ परभणीत आहे. जागतिक बँकेच्या सहकार्याने चाललेल्या राष्ट्रीय कृषी उच्च शिक्षण प्रकल्पातून इथे रोबोट, ड्रोन आणि स्वयंचलित यंत्रांवर आधारित डिजिटल शेतीचं प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. जिल्ह्यातली कला, वाणिज्य, विज्ञानाची महाविद्यालयं नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाशी जोडलेली आहेत. उद्याचे कृषी अधिकारी, बँक अधिकारी, विमा प्रतिनिधी, पत्रकार, शिक्षक याच वर्गांतून बाहेर पडतात.

दुसरीकडे शेतीचे निर्णय झपाट्याने डेटावर सरकत आहेत. २०२१ पासून ई-पीक पाहणी आली. मग ॲग्रिस्टॅकचा शेतकरी ओळख क्रमांक आला. जून २०२५ मध्ये राज्याने महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी रुपयांची तरतूद करून. त्याच वर्षीच्या खरिपात एक रुपयाची पीक विमा योजना बंद झाली. स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान असे वेगळे निकष गेले आणि भरपाई पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या उत्पादनावर आली. आणि नेमक्या त्याच हंगामात, सप्टेंबरमध्ये, मराठवाडा पाण्याखाली गेला. ७ ऑक्टोबरला राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या दिवसांत जिल्ह्यातल्या प्रत्येक घरात आकड्यांवरून वाद झाले असतील. ते समजावून सांगू शकणारा माणूस किती घरांना मिळाला?

आता तीन उदाहरणं बघू. ओळखीच्या काही प्राध्यापकांबरोबर मी ही करून पाहिली आहेत. लॅपटॉपही लागत नाही, फोनवरचा कॅल्क्युलेटर पुरतो.

उदाहरण १: नुकसान ४२ टक्के, ३५ टक्के की १७ टक्के?

समजा एका मंडळात सोयाबीनचं मागच्या सात वर्षांचं उत्पादन (हेक्टरी किलो) असं आहे: ९००, ११००, ६५०, १४००, १२००, १०००, १३००. हे आकडे मी हिशेबासाठी घेतलेत. यंदा उत्पादन आलं ७००. नुकसान किती?

- सातही वर्षांची सरासरी साधारण १०७९ येते. तिच्या तुलनेत नुकसान सुमारे ३५ टक्के.
- वाईट दोन वर्षं वगळून उरलेल्या पाच वर्षांची सरासरी १२०० येते. तिच्या तुलनेत नुकसान सुमारे ४२ टक्के.
- पीक विम्यात या १२०० ला आधी जोखीम स्तराने गुणतात. तो ७० टक्के असेल तर उंबरठा उत्पादन ८४० किलो. यंदाचे ७०० त्यापेक्षा १४० ने कमी. १४० भागिले ८४०, म्हणजे सुमारे १७ टक्के.

विमा संरक्षित रक्कम सोयीसाठी हेक्टरी ५०,००० धरली, तर भरपाई साधारण ८,३३३ रुपये. जोखीम स्तर ८० टक्के असता, तर उंबरठा ९६० झाला असता आणि भरपाई सुमारे १३,५४२ रुपये. पीक तेच, पाऊस तोच, शेतकरी तोच. बदलला तो एक टक्का, आणि तो ठरतो मुंबई-दिल्लीतल्या कागदावर.

हे गणित मांडलं की वर्गात हमखास कोणीतरी विचारतं, “मग खरं नुकसान कोणतं?” तीनही गणितं बरोबर आहेत. प्रत्येकाची तुलना वेगळ्या गोष्टीशी आहे, एवढंच. “४० टक्के गेलं आणि १७ टक्केच दिले, म्हणजे चोरी” असं म्हणणारा आणि “नियमाप्रमाणे दिलं, तक्रार कसली” असं म्हणणारा, दोघंही सूत्राचं एकेकच टोक धरून बसलेले असतात. नियम पाळला गेला का, हा एक प्रश्न. नियम योग्य आहे का, हा दुसरा. चिकित्सक साक्षरता म्हणजे हे दोन प्रश्न वेगळे करता येणं.

उदाहरण २: सरासरीच्या पोटात काय दडतं?

आता एका तालुक्यात सारख्या क्षेत्राची दोनच मंडळं आहेत असं समजा. एकात उत्पादन ५०० किलो, दुसऱ्यात ११००. उंबरठा दोन्हीकडे ८४०.

हिशेब मंडळनिहाय केला तर पहिल्या मंडळाला हेक्टरी सुमारे २०,२३८ रुपये मिळतात, दुसऱ्याला शून्य. हिशेब तालुक्याचा केला तर सरासरी ८०० येते आणि दोन्हीकडे हेक्टरी सुमारे २,३८१ रुपये मिळतात. म्हणजे ज्याचं पीक गेलं त्याची भरपाई वीस हजारांवरून अडीच हजारांच्या आत आली, आणि ज्याचं काहीच गेलं नाही त्यालाही थोडे पैसे गेले. एकूण वाटप मात्र चौथ्या हिश्श्याहून कमी झालं.

म्हणून ‘विमा घटक मंडळ की तालुका’ हा प्रश्न दिसतो कारकुनी, पण तो हजारो कुटुंबांच्या खात्यातला फरक असतो. घटक लहान करा म्हटलं की खर्च वाढतो, हेही विद्यार्थ्यांना दाखवायला हवं. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तालुका घटक असेल तर किमान १६ पीक कापणी प्रयोग, मंडळ असेल तर किमान १०. एका तालुक्यात सहा मंडळं असतील तर १६ ऐवजी ६० प्रयोग. तेही काढणीच्या मोजक्या दिवसांत, पिकामागून पीक.

यावर उपाय म्हणून तंत्रज्ञान पुढे येतं. केंद्राने २०२३ च्या खरिपापासून ‘यस-टेक’ ही उपग्रह आणि मॉडेलवर आधारलेली उत्पादन अंदाजाची पद्धत आणली. आधी भात आणि गव्हासाठी किमान ३० टक्के भारांकन, २०२४ पासून सोयाबीनही. चांगली दिशा आहे. पण वर्गात विचारायचे प्रश्न इथेही तेच: मॉडेल शिकलं कशावरून? शेतातल्या कापणी प्रयोगांवरून शिकलं असेल, तर त्या प्रयोगांतल्या चुकाही ते शिकणार. ऐन पावसाळ्यात आभाळ झाकलेलं असताना साधा कॅमेरा असलेला उपग्रह काय बघतो? युरोपच्या सेंटिनेल-२ ला ढगांखालचं दिसत नाही, सेंटिनेल-१ चं रडार ढगांतून बघू शकतं. आणि गंमत म्हणजे या दोन्हींचा डेटा जगातल्या कोणालाही फुकट आणि खुला मिळतो. परभणीतल्या कॉलेजच्या संगणक खोलीतही.

उदाहरण ३: व्हायरल झालेला परभणीचा आकडा

नोव्हेंबर २०१८ मध्ये ज्येष्ठ पत्रकार पी. साईनाथ यांनी अहमदाबादच्या एका भाषणात परभणीचं उदाहरण दिलं. जिल्ह्यात सुमारे २ लाख ८० हजार शेतकऱ्यांनी सोयाबीन लावलं. त्यांनी १९.२ कोटी हप्ता भरला, राज्य आणि केंद्राने प्रत्येकी ७७ कोटी. कंपनीकडे गेले एकूण १७३ कोटी, तिने वाटले ३० कोटी, म्हणजे १४३ कोटी नफा. हा आकडा देशभर फिरला आणि आजही फिरतो.

प्राध्यापकांसमोर ही पोस्ट ठेवली की खोलीत दोन गट पडतात. एक म्हणतो “बघा!”, दुसरा म्हणतो “राजकारण आहे.” मग मी विचारतो, बेरीज बरोबर आहे का? १९.२ अधिक ७७ अधिक ७७ म्हणजे १७३.२. बरोबर. हे एका जिल्ह्याचं, एका पिकाचं, एका हंगामाचं चित्र आहे का? हो. हप्ता वजा भरपाई म्हणजे नफा का? नाही, पुनर्विमा आणि प्रशासकीय खर्च बाकी असतो, शिवाय विमा कंपनीला एखाद्या वर्षी हप्त्यापेक्षा जास्तही द्यावं लागतं. मग साईनाथांचा मुद्दा फोल ठरतो का? तोही नाही. सार्वजनिक पैसा कुठे गेला हे विचारण्याचा अधिकार त्यातून संपत नाही. उलट पुढचा प्रश्न धारदार होतो: सगळ्या हंगामांचा, मंडळनिहाय हप्ता आणि भरपाईचा तक्ता कोणालाही उतरवून घेता येईल अशा स्वरूपात का नसावा?

एवढ्या चर्चेला चाळीस मिनिटं लागतात. शेवटी ‘बघा’ वाले आणि ‘राजकारण’ वाले एकाच मागणीवर येतात. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते.

मग सध्याच्या प्रशिक्षणात कमी काय आहे?

प्राध्यापकांसाठी प्रशिक्षणांचा तुटवडा नाही. जुलै २०१७ पासून स्वयम् आहे. २०२३ पासून यूजीसीची मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण योजना आहे. आयआयटी मुंबईने तर त्याआधीच हजारो अभियांत्रिकी शिक्षकांना दूरस्थ पद्धतीने एकाच वेळी शिकवून दाखवलं होतं.

अडचण वेगळी आहे. गेल्या वर्षी मी अशाच एका ऑनलाइन आठवड्यात बसलो होतो. पायथन चांगलं शिकवलं. पण सरावाचा डेटा होता अमेरिकेतल्या घरांच्या किमतींचा. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मॉडेल चालवलं, सगळ्यांचा अचूकतेचा आकडा छान आला, प्रमाणपत्रं आली. “हा डेटा गोळा कोणी केला?” हे पाच दिवसांत एकदाही कोणी विचारलं नाही. मीही नाही. पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र मोजलं जातं, प्रश्न मोजला जात नाही. त्यामुळे दोष कोणा एका शिक्षकाला देता येणार नाही.

आता तर एआय चॅटबॉट हाताशी आहेत. त्यांना परभणीच्या एखाद्या मंडळाचं उत्पादन विचारा, आत्मविश्वासाने आकडा देतील. तो कुठून आला हे तपासायची सवय शिक्षकाला नसेल, तर विद्यार्थ्याला कुठून लागणार?

‘फुकट’ आणि ‘खुलं’ यातला फरक

इथे खुलं शिक्षण कामाला येतं. यूट्यूबवरचा व्हिडिओ फुकट असतो, पण तुम्ही तो कापून, मराठीत आणून, अमेरिकेतल्या घरांच्या जागी सोयाबीन टाकून पुन्हा वाटू शकता का? बहुतेक वेळा नाही. खुल्या शैक्षणिक साहित्यात ही परवानगी आधीच दिलेली असते: जवळ ठेवा, वापरा, बदला, दुसऱ्यात मिसळा, वाटा. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने त्यासाठीच आहेत, आणि युनेस्कोने २०१९ मध्ये सदस्य देशांना याच दिशेने जाण्याची शिफारस केली.

आपल्याकडे तयार असलेला कच्चा माल बघा:

- स्पोकन ट्युटोरियल: आयआयटी मुंबईचा प्रकल्प. लिब्रेऑफिससारख्या मुक्त सॉफ्टवेअरचे धडे मराठी आवाजातही मिळतात. पहिला मजला चढायला उत्तम.
- data.gov.in (डेटा डॉट जीओव्ही डॉट इन): केंद्राचं २०१२ पासूनचं खुल्या डेटाचं दालन. २०१७ मध्ये त्यासाठी सरकारी खुला डेटा परवाना आला, त्यामुळे श्रेय देऊन वापरायला अडचण नाही.
- ॲगमार्कनेट: बाजार समित्यांचे रोजचे भाव. परभणी, सेलू, मानवत, जिंतूरचे भाव शेजारी ठेवले की पन्नास प्रश्न उभे राहतात.
- मराठी विकिपीडिया: जिल्ह्याच्या पानावरचा प्रत्येक आकडा स्रोतासह तपासणं, हा बी.ए.च्या वर्गालाही जमणारा गृहपाठ.

मोठा अडथळा भाषेचा आहे. ‘थ्रेशोल्ड यील्ड’ इंग्रजीत पाठ असतं, पण बांधावर उभं राहून ‘उंबरठा उत्पादन’ समजावताना तोच प्राध्यापक अडखळतो. साहित्य खुलं असेल तर परभणीतला शिक्षक ते मराठीत आणेल, हिंगोलीतला त्यात हळद घालेल, लातूरचा तूर. बंद साहित्यात हे होत नाही.

एक सावधगिरी: सगळंच खुलं करायचं नसतं

उत्साहाच्या भरात शेतकऱ्यांची नावं, गट क्रमांक, फोन असलेला तक्ता वर्गाच्या ग्रुपवर टाकला, तर ते खुलं शिक्षण नव्हे, बेफिकिरी आहे. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. १८ वर्षांखालच्या व्यक्तीच्या डेटासाठी पालकांच्या संमतीची तरतूद या कायद्यात आहे आणि ज्युनिअर कॉलेजची बहुतेक मुलं याच वयात असतात.

शिवाय प्राध्यापक स्वतःही डेटाच आहे. बायोमेट्रिक हजेरी, अभिप्रायाचे गुण, मानांकनासाठी भरलेले रकाने. आपली वर्षभराची मेहनत एका गुणात कशी बसवली जाते हे ज्याने अनुभवलंय, त्याला ६१ मिलिमीटरवाल्या शेतकऱ्याचं दुःख समजायला वेळ लागत नाही. प्रशिक्षणाची सुरुवात इथूनही करता येते.

उद्यापासून काय करता येईल?

मोठ्या योजनेची वाट बघायची गरज नाही. चार शनिवार, दोन-दोन तास, दहा-बारा प्राध्यापक, सगळ्या विषयांचे. संख्याशास्त्राचा एक आणि मराठीचाही एक असावाच, कारण व्याख्येतले शब्द त्याला आधी खटकतात.

१. पहिला शनिवार: आपल्या मंडळातलं पर्जन्यमापक केंद्र कुठे आहे, ते प्रत्यक्ष जाऊन बघा. फोटो, अंतर, आजूबाजूची झाडं-इमारती नोंदवा.
२. दुसरा: उंबरठा उत्पादनाचं गणित स्वतः मांडा. जोखीम स्तर आणि घटक बदलून बघा.
३. तिसरा: एक व्हायरल आकडा घ्या. बेरीज, व्याप्ती, व्याख्या, स्रोत तपासा.
४. चौथा: या सगळ्याचा मराठी धडा लिहा, श्रेय देऊन कोणालाही वापरता येईल अशा परवान्याखाली ठेवा, आणि शेजारच्या कॉलेजला द्या.

विद्यापीठांकडून मागायचं ते दोनच गोष्टींत मावतं. असा खुला धडा लिहिणं हे पदोन्नतीच्या मोजदादीत एखाद्या प्रमाणपत्राइतकं तरी धरा. आणि सार्वजनिक पैशातून बनलेलं प्रशिक्षण साहित्य बदलता येईल अशा स्वरूपात द्या, नुसती पीडीएफ नको.

केंद्राच्या ‘विंड्स’ योजनेत पर्जन्यमापक ग्रामपंचायतीपर्यंत नेण्याचं उद्दिष्ट आहे. ते झालं तर परभणीची सकाळची यादी बावन्न ओळींवरून शेकडो ओळींची होईल. तेव्हा वाद कमी होणार नाहीत, जास्त बारीक होतील. दोन शेजारच्या गावांत ६६ आणि ५८ असे आकडे आले, की पहिला फोन गावातल्या शिकलेल्या पोराला जाईल. त्या पोराला काय सांगायचं ते कळावं, एवढी तयारी त्याच्या प्राध्यापकाने या उन्हाळ्यात केली तरी खूप झालं.